सोन्याचं रोमन नाणं कसं वाचावं: नवख्यांसाठी

रोमन सम्राटाचं सोन्याचं नाणं दिसलं की बहुतेक जण आधी किंमत विचारतात. माझं सांगणं असं की तो प्रश्न सगळ्यात शेवटी घ्यावा. या जेमतेम पाऊण तोळ्याच्या नाण्यावरून सम्राटाला कुणाला तरी काहीतरी पटवून द्यायचं होतं. कुणाला, काय आणि कोणत्या वर्षी, ही तीन उत्तरं शोधता आली की नाणं वाचता आलं. लॅटिन येत नसलं तरी अडत नाही. दहा-बारा लघुरूपं, थोडा हिशेब आणि निवांत बघायची सवय एवढ्यावर सुरुवात होते.

नाणं स्वतःजवळ असायलाही हवं असं नाही. ब्रिटिश म्युझियमचा संग्रह आणि अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीची ‘ओसीआरई’ ही रोमन साम्राज्याच्या नाण्यांची सूची इंटरनेटवर फुकट पाहता येते. एखादं नाणं उघडा, मोठं करा आणि पुढच्या पायऱ्या त्यावर करून बघा.

पायरी १: हे नाणं कुणाच्या हाती जायचं?

सोन्याच्या नाण्याला ऑरियस म्हणत. एका ऑरियसचे चांदीचे २५ दिनारियस, म्हणजेच पितळेचे १०० सेस्टर्शियस. ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ दिनारियस होता, म्हणजे अवघे ९ ऑरियस. तोही तीन हप्त्यांत मिळायचा आणि त्यातून जेवणखाण, कपडे यांचे पैसे कापले जायचे. भाजीबाजारात ऑरियस मोडायचा प्रसंग क्वचितच येत असणार. तो फिरायचा सैन्याच्या तिजोरीत, जमीनजुमल्याच्या व्यवहारांत, लांब पल्ल्याच्या व्यापारात आणि सिनेटरांच्या घरांत. सम्राटाला सिंहासनावर टिकवणारे किंवा खाली खेचू शकणारे लोक नेमके हेच.

एक उदाहरण घ्या. इ.स. ४१ मध्ये कॅलिगुलाचा खून झाला आणि प्रिटोरियन रक्षकांनी, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक दलाने, त्याचा काका क्लॉडियस याला सम्राट केलं. रोमन चरित्रकार सुएटोनियसच्या सांगण्यानुसार क्लॉडियसने प्रत्येक रक्षकाला १५,००० सेस्टर्शियस कबूल केले. हिशेब केला तर माणशी १५० ऑरियस. त्याच्या राज्यातल्या सुरुवातीच्या सोन्याच्या नाण्यांवर याच रक्षकांची तटबंदीची छावणी दिसते आणि सम्राटाचं तिथे स्वागत झालं असा मजकूरही. दुसऱ्या एका प्रकारात सम्राट आणि रक्षक एकमेकांचा हात हाती घेऊन उभे आहेत. ज्यांनी गादी दिली त्यांच्याच ऋणाची कबुली त्यांच्याच हातात जाणाऱ्या सोन्यावर! चित्र बघताना प्रेक्षक कोण, हे आधी का विचारायचं ते इथे कळतं.

पायरी २: वजन बघा

वजनावरून काळाचा पहिला अंदाज येतो. ऑरियसचं वजन रोमन पौंडाच्या, म्हणजे साधारण ३२५ ग्रॅमच्या, हिशेबात ठरायचं. रोमन प्रजासत्ताकात सोन्याची नाणी क्वचितच निघत. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४६ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर पाडली, तेव्हा एका पौंडात ४० नाणी बसत, म्हणजे एक नाणं ८ ग्रॅमच्या आसपास. ऑगस्टसच्या काळात ते ७.८ ते ७.९ ग्रॅमवर आलं. नीरोने इ.स. ६४ मध्ये पौंडात ४५ नाणी केली, वजन ७.३ ग्रॅमच्या घरात. कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये ५० केली, वजन साडेसहा ग्रॅम. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर सगळीच घडी विस्कटली. मग डायोक्लीशनने पौंडाला ६० हा दर बसवला आणि कॉन्स्टंटाइनने इ.स. ३०९ पासून पौंडाला ७२ या हिशेबाचं नवं नाणं काढलं. ते सॉलिडस, वजन साडेचार ग्रॅम. हे नाणं पुढे बायझंटाइन साम्राज्यात अकराव्या शतकापर्यंत जवळजवळ त्याच कसाचं राहिलं.

चांदीत तांबं मिसळण्याचं काम सम्राटांनी सर्रास केलं. सोन्याच्या बाबतीत मात्र तिसऱ्या शतकातला तो गोंधळ सोडला तर त्यांनी कस राखला आणि वजन उतरवलं. सैनिक आणि सराफ दोघेही सोनं पारखून घेणारे होते.

नाण्याचा व्यास साधारण १८ ते २० मिलिमीटर, आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहून किंचित लहान. फोटोत तो मोठा दिसतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पायरी ३: चेहरा

पुढच्या बाजूला सम्राटाचं मस्तक असतं. डोक्यावर काय आहे ते आधी बघा. उघडं डोकं, लॉरेलच्या पानांची माळ, सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट, की कॉन्स्टंटाइनच्या काळापासून दिसणारी रत्नजडित पट्टी? मग चेहऱ्याचं वय बघा आणि ते खऱ्या वयाशी जुळतं का ते तपासा.

ऑगस्टस इ.स. १४ मध्ये पंचाहत्तरीत वारला, पण नाण्यांवर तो शेवटपर्यंत तरुण आहे. त्याउलट व्हेस्पेशियन पाहा: टक्कल, जाड मान, कपाळावर आठ्या. नीरोच्या थाटामाटाला विटलेल्या लोकांपुढे तो साधा, रांगडा सेनापती म्हणून उभा राहतो. त्या सुरकुत्याही विचारपूर्वक कोरलेल्या आहेत, असं माझं मत आहे. खुद्द नीरोचा चेहरा वर्षागणिक फुगत जातो आणि केसांच्या लाटा उंच होत जातात. त्याची पाच-सहा नाणी सालवार लावली की हा बदल कुणी न सांगता लक्षात येतो. कॉमोडसने शेवटच्या काळात सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलं आणि तो हर्क्युलिस झाला. कॉन्स्टंटाइनच्या काही नाण्यांवर नजर आकाशाकडे आहे. सम्राट प्रार्थना करताना दिसावा म्हणून ती तशी कोरवून घेतली, असं त्याच्या समकालीन चरित्रकाराने लिहून ठेवलंय.

पायरी ४: कडेचा मजकूर आणि साल

नवखे इथेच थबकतात, पण ही पायरी सगळ्यात सोपी आहे. मजकूर बहुतेक वेळा डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. यू हे अक्षर व्ही सारखं कोरलेलं असतं. शब्द अर्ध्यावर तोडलेले असतात, पण तीच तीच लघुरूपं पुन्हा येतात, त्यामुळे ती पाठ होतात.

आय-एम-पी म्हणजे इंपेराटोर, विजयी सेनापती. सी-ए-ई-एस म्हणजे सीझर. ए-यू-जी म्हणजे ऑगस्टस, हे पुढे प्रत्येक सम्राटाचं बिरूद झालं. डी-आय-व्ही-आय एफ म्हणजे देव झालेल्या अमक्याचा पुत्र. पी-एम म्हणजे प्रमुख पुरोहित, पी-पी म्हणजे देशाचा पिता. आणि सगळ्यात उपयोगाची दोन: टी-आर-पी म्हणजे ट्रिब्यूनचा (सामान्य जनतेच्या प्रतिनिधीचा) अधिकार आणि सी-ओ-एस म्हणजे कॉन्सल, रोममधलं सर्वोच्च वार्षिक पद. या दोन्हींपुढे रोमन आकडा असतो.

ट्रिब्यूनचा अधिकार दरवर्षी नव्याने मोजला जायचा. क्लॉडियसला तो जानेवारी ४१ मध्ये मिळाला. त्याच्या एका नाण्यावर टी-आर-पी पुढे सहाचा आकडा आहे. पहिलं वर्ष ४१, मग सहावं वर्ष जानेवारी ४६ ते जानेवारी ४७. साल निघालं! साधारण ट्रेजनच्या काळापासून हे वर्ष १० डिसेंबरला बदलू लागलं, तेवढं ध्यानात ठेवा. दर वेळी एवढं नेमकं साल हाती लागत नाही. हेड्रियन इ.स. ११९ मध्ये तिसऱ्यांदा कॉन्सल झाला आणि पुन्हा कधीच झाला नाही. त्याच्या नाण्यावर नुसतं ‘तिसऱ्यांदा कॉन्सल’ एवढंच असेल तर ते ११९ ते १३८ मधलं कधीचंही असू शकतं. मग चेहरा आणि मागचं चित्र यांची मदत घ्यावी लागते.

पायरी ५: मागची बाजू

खरी गंमत इथे आहे, म्हणून इथे थांबून एक नाणं सावकाश वाचू या. मी ऑगस्टसचं निवडतो, कारण हा प्रकार भारतातही सापडलेला आहे.

हे नाणं आजच्या फ्रान्समधल्या लियाँच्या टाकसाळीतलं. पुढे माळ घातलेलं ऑगस्टसचं मस्तक आणि मजकूर: सीझर ऑगस्टस, देवाचा पुत्र, देशाचा पिता. यातली ‘देशाचा पिता’ ही पदवी त्याला इ.स.पू. २ च्या फेब्रुवारीत मिळाली. म्हणजे नाणं त्याआधीचं असूच शकत नाही.

मागे दोन तरुण समोरासमोर उभे आहेत. दोघांच्या अंगावर टोगा हे रोमन नागरिकाचं वस्त्र, दोघांचा हात ढालीवर, ढालींमागे भाले. वरच्या मोकळ्या जागेत दोन छोट्या वस्तू: एक यज्ञातली पळी आणि एक टोकाला वळलेली काठी. खालच्या ओळीत नावं, गायस आणि ल्युशियस. हे ऑगस्टसच्या मुलीचे मुलगे. त्याने त्यांना दत्तक घेतलं होतं. कडेचा मजकूर सांगतो की हे ऑगस्टसचे पुत्र, नियोजित कॉन्सल आणि तरुणांचे अग्रणी.

आता त्या छोट्या वस्तूंकडे वळा. पळी हे पुरोहितपदाचं चिन्ह आणि गायस पुरोहित होता. वळलेली काठी शकुन पाहणाऱ्यांची आणि ल्युशियस त्या मंडळाचा सदस्य होता. म्हणजे चित्रातली एकही रेघ शोभेसाठी नाही. लष्कर ढालींत आलं, धर्म वरच्या वस्तूंत आला, राज्यपद मजकुरात आलं. ऑगस्टसला म्हणायचं होतं: माझ्यानंतर कोण, ते ठरलेलं आहे, चिंता नको.

प्रत्यक्षात ल्युशियस इ.स. २ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या मार्से इथे वारला आणि गायस इ.स. ४ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या लिशियात. उरला तो ऑगस्टसचा सावत्र मुलगा टायबेरियस, जो या मुलांना पुढे केलं जात असताना रोम सोडून ऱ्होड्स बेटावर जाऊन राहिला होता. तोच पुढे सम्राट झाला. त्याचं प्रसिद्ध ऑरियस वरच्या नाण्याशेजारी ठेवून बघा. मागे एक स्त्री खुर्चीवर बसलेली, एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी, मजकूर फक्त ‘प्रमुख पुरोहित’. ही त्याची आई लिविया असावी असं अनेकांना वाटतं. सोन्यात आणि चांदीत हेच चित्र त्याच्या राज्यात वीसेक वर्षं चाललं. एकाच्या नाण्यावर उद्याचं आश्वासन, दुसऱ्याच्या नाण्यावर काहीही न बदलण्याचं. मला स्वतःला टायबेरियसचं हे गप्प नाणं फार बोलकं वाटतं.

मागची बाजू वाचताना तीन गोष्टी हटकून तपासा.

पहिली, दाखवलेली गोष्ट तेव्हा खरोखर झालेली होती का? वर ज्याचं साल काढलं त्या क्लॉडियसच्या नाण्यावर ब्रिटनविजयाची कमान आहे, वर घोड्यावरचा पुतळा आणि दोन्ही बाजूंना विजयचिन्हं. ब्रिटनवर स्वारी ४३ मध्ये झाली, सिनेटने कमान तेव्हाच मंजूर केली. पण रोममधली कमान पुरी होऊन तिचं लोकार्पण झालं ते ५१ च्या सुमारास. दगडाच्या आधी सोन्यात कमान उभी राहिली. म्हणून नाण्यावर इमारत दिसली की ती त्या साली तशीच उभी होती असं धरून चालू नका.

दुसरी, जे ठासून सांगितलंय तेच डळमळीत तर नव्हतं? इ.स. ६९ मध्ये एकाच वर्षात चार सम्राट झाले. त्या यादवीत विटेलियसच्या नाण्यांवर हातात हात गुंफलेले दिसतात आणि मजकूर असतो सैन्यांच्या निष्ठेचा. निष्ठा जेव्हा सगळ्यात महाग झाली होती तेव्हाच ती नाण्यावर आली. सेप्टिमियस सेव्हेरसच्या एका देखण्या ऑरियसवर महाराणी ज्युलिया डोम्ना मधोमध, समोरून पाहते आहे आणि दोन बाजूंना तिचे मुलगे कॅराकॅला आणि गेटा. मजकूर युगाच्या सौख्याचा. बाप २११ मध्ये गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅराकॅलाने गेटाला मारवलं, तेही आईच्या डोळ्यांदेखत.

तिसरी, कोण कुठे सरकलं? नीरो ५४ मध्ये सोळा वर्षांचा असताना सम्राट झाला. त्या वर्षीच्या सोन्याच्या नाण्यावर तो आणि त्याची आई ॲग्रिपिना समोरासमोर आहेत, एकाच आकाराचे, आणि चेहऱ्यांभोवती नाव आहे ते आईचं. नीरोचं नाव मागच्या बाजूला. वर्षभरात चित्र बदललं: दोघांची तोंडं एकाच दिशेला, पुढे नीरो, मागे झाकली गेलेली आई. चेहऱ्यांभोवती आता मुलाचं नाव, आईचं मागे गेलेलं. त्यानंतर ती सोन्याच्या नाण्यांवरून नाहीशीच झाली आणि ५९ मध्ये मुलाने तिचा खून करवला. राजवाड्यात काय शिजत होतं ते सांगणारे इतिहासकार पुढे दोन पिढ्यांनी लिहीत होते. टाकसाळीने मात्र त्या त्या वर्षीच नोंद केली.

पायरी ६: नाण्यावरचे घाव आणि भोकं

ठोकल्यानंतर नाण्याचं काय झालं, हेही त्याच्यावर लिहिलेलं असतं. आपल्यासाठी ही पायरी विशेष महत्त्वाची, कारण रोमन सोनं भारतात भरपूर आलं. रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती की भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस ओढून घेतो. ऑरियसच्या हिशेबात ते पाच लाख नाणी होतात. आकडा तक्रार करणाऱ्याचा आहे, तेव्हा तो तसाच धरावा, पण सोनं येत होतं यात शंका नाही. एका प्राचीन (संगम) तमिळ कवितेत यवनांची, म्हणजे पश्चिमेकडच्या परदेशी व्यापाऱ्यांची, जहाजं सोनं घेऊन येतात आणि मिरी घेऊन जातात.

तामिळनाडूत पुदुकोट्टई इथे १८९८ मध्ये ५०१ ऑरियस एकत्र सापडले. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या मस्तकावरून छिन्नीचा आडवा घाव आहे. पुन्हा नाणं म्हणून चालू नये, फक्त सोनं म्हणून उरावं, यासाठी तो घातला असं बरेच अभ्यासक मानतात. इतर ठिकाणच्या नाण्यांना वरच्या कडेजवळ दोन भोकं आहेत, म्हणजे ती गळ्यात घातली गेली. रोमन नाण्यांवरून इथे घडवलेल्या नकलाही मिळतात. त्यांच्यावरची अक्षरं नुसत्या रेघोट्या होऊन जातात, पण मस्तक ओळखू येतं. अशा नकलेला खोटं म्हणून बाजूला टाकू नका, ती त्या काळाचाच पुरावा आहे.

महाराष्ट्रातही या धाग्याची टोकं सापडतात. तेर, नेवासे अशा ठिकाणी रोमन नाण्यांवरून छापलेली भाजक्या मातीची पदकं मिळाली आहेत, अडकवायच्या सोयीसह. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांनी सम्राटाचा चेहरा मातीत वापरला. आणि नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा १३,००० हून मोठा साठा निघाला. त्या नाण्यांवरचा चेहरा आणि भोवतीची ग्रीक अक्षरं यांत अनेकांना रोमन वळण दिसतं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं वरून ठोकून घेतली आहेत. नाण्यावरचा राजाचा चेहरा ही काय ताकद आहे, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

पायरी ७: खरं की खोटं

सोनं गंजत नाही, त्यामुळे दोन हजार वर्षांचं नाणंही कालच्यासारखं चमकू शकतं. चकाकीवरून काहीच ठरवू नका.

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. वजन पायरी २ मधल्या त्या त्या सम्राटाच्या वजनाशी ताडून बघा. मग नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून पुन्हा तोला. हवेतलं वजन भागिले पाण्यात घटलेलं वजन म्हणजे घनता. शुद्ध सोन्याची १९.३. एखादं ७.८० ग्रॅमचं नाणं पाण्यात ०.४१ ग्रॅमने हलकं भरलं तर उत्तर १९ येतं, ते ठीक. यातून स्वस्तातले बनाव गळून पडतात. पण खऱ्या सोन्यात घडवलेली खोटी नाणीही असतात, म्हणून पुढे भिंग घ्या. ठोकलेल्या नाण्यावर धातू मध्यापासून कडेकडे सरकल्याच्या बारीक रेघा दिसतात. ओतीव नाण्यावर बुडबुड्यांचे खड्डे, बोथट अक्षरं आणि कडेला सांधा दिसू शकतो. हाताने ठोकलेली दोन नाणी कधीच हुबेहूब एकसारखी नसतात. दोन नाण्यांची कड, तडे आणि ठशाचं सरकणं तंतोतंत जुळलं तर एक तरी नक्कल आहे, कदाचित दोन्हीही.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर याने स्वतः ठसे कोरून अशी नाणी ठोकली की भलेभले फसले. तेव्हा शेवटचा निर्णय नवख्याने एकट्याने घेऊ नये. नाशिकजवळ अंजनेरीची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्युमिस्मॅटिक स्टडीज’ ही संस्था नाण्यांच्या अभ्यासासाठीच आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं नाण्यांचं दालन बघून खऱ्या नाण्यांवर डोळा बसवता येतो.

नाणं कडेला धरायचं, खाली मऊ कापड ठेवायचं आणि सराफाकडे उजळायला कधीही द्यायचं नाही. बारीक ओरखडे, जुन्या कड्याची खूण, खाचेतली माती हे सगळे पुरावे पॉलिशमध्ये जातात.

पायरी ८: आता किमतीचं आणि कायद्याचं

शेतात किंवा पाया खोदताना नाणी सापडली तर ती घरात ठेवायची नसतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचं जमिनीतलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. नाणी जागची न हलवता कळवलंत तर नाणी कोणत्या भांड्यात, कशाच्या सोबत होती हेही अभ्यासकांना कळतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे. तिच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशात राहणाऱ्या मंडळींनी आजीच्या पेटीतलं जुनं नाणं सहज बॅगेत टाकण्याआधी हे वाचावं.

विकत घ्यायचं ठरलंच तर नाण्याइतकेच त्याचे कागद तपासा. ज्युलियस सीझरच्या खुनानंतर त्या कटातल्या ब्रूटसने दोन खंजीर आणि मुक्तीची टोपी असलेलं नाणं काढलं. सोन्यातली त्याची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नाणी उरली आहेत. त्यातलं एक २०२० मध्ये लंडनच्या लिलावात चाळीस लाख डॉलरच्या आसपास विकलं गेलं. पुढे त्याच्या मालकीचा इतिहास बनावट असल्याचं उघड झालं, अमेरिकेत ते जप्त झालं आणि २०२३ मध्ये ग्रीसला परत गेलं. एवढा पैसा मोजूनही नाणं हाती राहिलं नाही.

म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी मागा: नाणं आधी कुणाच्या संग्रहात होतं, कोणत्या साली कुठल्या लिलावात किंवा छापील सूचीत ते दिसलं, आणि परदेशातून आलं असेल तर सीमाशुल्काची पावती. जुन्या सूचीतला फोटो आणि समोरचं नाणं यांच्या कडा स्वतः जुळवून बघा. नाणं घरी आल्यावर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन, व्यास आणि ओसीआरईमधला प्रकार-क्रमांक एका कागदावर लिहा, आणि हा कागद पावतीसोबत नाण्यापाशीच ठेवा.